सावलीतला निळा

तिला आम्ही करडी म्हणायचो. तोंडावर मॅडम, पाठ वळली की करडी. नजर करडी, आवाज करडा, आणि नवीन माणूस कामाला लागला की पहिला महिनाभर त्याच्या हातात रंग पडू द्यायची नाही. फक्त काळा, पांढरा आणि मधले सगळे करडे. हे नाव कोणा वात्रटाने ठेवलं ते माहीत नाही, पण ते इतकं चपखल बसलं की तिच्या नवऱ्याच्याही तोंडात रुळलं. एकदा त्याने ऑफिसात फोन करून "करडी आहे का जागेवर?" असं विचारलं होतं, आणि फोन नेमका तिनेच उचलला होता.

आमची कंपनी लहान मुलांच्या कार्टून मालिका बनवायची. त्यातली माणसं आणि जनावरं हलवणारे लोक वरच्या मजल्यावर बसायचे. आम्ही खालच्या खोलीत त्यांच्या मागची चित्रं रंगवायचो: गल्ली, स्वयंपाकघर, नदीकाठ, जिना, जे काही मागे दिसतं ते. सगळं काम कॉम्प्युटरवर. समोर स्क्रीन, टेबलावर टॅबलेट, हातात त्याचं पेन. करडी या खोलीची प्रमुख होती.

ती मागून कधी येऊन उभी राहायची ते कळायचं नाही. खांद्यावरून हात पुढे घालून एक कळ दाबायची आणि आपलं रंगीत चित्र क्षणात काळंपांढरं व्हायचं. मग प्रश्न, "उजेड कुठून येतोय?" आपण म्हणायचं, खिडकीतून. ती म्हणायची, "या खुर्चीला कोणी कळवलेलं दिसत नाही." आणि खरंच, रंग उतरल्यावर दिसायचं की भिंत, खुर्ची आणि जमीन सगळी एकाच करड्याची झाली आहे. रंगांच्या गर्दीत ते लपून गेलेलं असायचं. हे ती चांगल्या शब्दांत सांगू शकली असती. पण चांगले शब्द वापरले तर माणूस चुकतच राहतो, असं तिचं ठाम मत होतं.

एका नव्या मुलीने टोपलीतली अंडी रंगवताना सरसकट पांढरा फासला होता. का, म्हणून विचारल्यावर ती म्हणाली, अंडी पांढरीच असतात. करडीने दुसऱ्या दिवशी घरून एक अंडं आणलं, खिडकीत लाल रुमालावर ठेवलं आणि त्या मुलीला त्याच्यासमोर बसवलं. जेवणानंतरची सगळी दुपार. "अंडं पांढरं आहे हे तुला डोकं सांगतंय. डोळ्याला विचार." मुलगी आधी हसली, मग कंटाळली, मग रडकुंडीला आली, आणि शेवटी नाक ओढत म्हणाली की खालच्या बाजूला ते लालसर दिसतंय, रुमालाचा रंग वर आलाय. करडी म्हणाली, "रडून झालं असेल तर तो लाल रंगव."

अशी ती. आणि माझी जागा तिच्या शेजारी होती. माझ्या दुसऱ्या बाजूला धाकटी बसायची. मला सगळे मधली म्हणायचे, आणि त्या नावामागे एक कहाणी होती.

धाकटी म्हणजे करडीची धाकटी जाऊ. पण जाऊ ती नंतर झाली. आधी ती करडीची शिष्या होती, आणि खोलीतली सगळ्यांत तयार. करडे रंग तिने महिन्याच्या आतच संपवले होते. कोणत्या उजेडात कोणता रंग किती मरतो आणि कोणता उसळतो हे तिला न सांगता कळायचं. करडीला ते आवडायचं, म्हणजे ती तिच्यावर जरा कमी ओरडायची. त्या काळात करडीचा धाकटा दीर रोज संध्याकाळी स्कूटरवरून वहिनीला न्यायला यायचा. हळूहळू तो लवकर यायला लागला, मग फारच लवकर, आणि वर्षभरात धाकटी त्या घरात लग्न होऊन गेली. तिच्या तोंडी मॅडमची ताई झाली. स्कूटरवर मागे कोण बसणार म्हणून दोघी भांडायच्या, तेव्हा ते भांडण गमतीचं होतं.

गंमत सासूच्या आजारपणात संपली. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा धाकटीने वर्षभर बिनपगारी रजा घेऊन तिचं सगळं केलं. करडी कामावर येत राहिली. सासू गेल्यावर घराच्या वाटण्या झाल्या आणि उत्तरेकडची खोली धाकटीच्या वाट्याला गेली. बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. पण चित्रं काढणाऱ्याला उत्तरेची खिडकी म्हणजे जीव की प्राण. तिच्यातून ऊन आत येत नाही, दिवसभर एकसारखा शांत उजेड असतो आणि स्क्रीनवरचे रंग सकाळी एक, दुपारी दुसरे असे दिसत नाहीत. करडी लग्न होऊन आली तेव्हापासून त्या खोलीत बसून काम करत होती. आता तिला दक्षिणेची खोली मिळाली, तिथे ऊन दिवसभर टेबलावरून फिरायचं. ती म्हणाली, सेवा केलीस ती या खोलीसाठी केलीस. धाकटी म्हणाली, तुम्हाला सासू मरतेय हे तरी माहीत होतं का. शब्दाने शब्द वाढला, आणि मग एकदम शब्दच बंद झाले. घरात मध्ये भिंत आली. दोघे भाऊ गच्चीवर चोरून भेटायचे आणि खाली येताना वेगवेगळे यायचे.

ऑफिसात भिंत घालता येत नव्हती, तिथे मी होते. "बाईसाहेबांना सांग, जिन्याचं चित्र आज हवंय." "मॅडमना सांग, काल दिलंय." दोघींच्या मध्ये हातभर अंतर, दोघींना एकमेकींचं स्वच्छ ऐकू जायचं, तरी निरोप माझ्यातून जायचा. मी नुसती मान हलवली तरी चालायची, पण मी तिथे असायला लागायचे. मी रजेवर असले की त्या दिवशी काम अडायचं. दोघी एकमेकींना पाण्यात पाहत होत्या. पण चित्रांच्या बाबतीत आमच्या खोलीला कोणी नाव ठेवू शकत नव्हतं, म्हणून मॅनेजर डोळ्यांवर कातडं ओढून बसला होता.

मग ती डोंगरावरच्या गावाची मालिका आली. एक मुलगी, तिचं गाढव, आणि पहाटेपासून सांजेपर्यंत बदलत जाणारं ऊन. मोठं काम होतं. प्रत्येक प्रसंगाचा रंग आधी छोट्या छोट्या चित्रांत ठरवायचा आणि मग त्यावरून आम्ही मोठी चित्रं करायची, अशी पद्धत. ती छोटी चित्रं करडी स्वतः करायची आणि महत्त्वाची मोठी चित्रंही तीच. झालेली चित्रं वरच्या मजल्यावर पाठवायचं काम धाकटीकडे होतं. आम्हाला तिने समोर बसवून सांगितलं होतं की उन्हातल्या वस्तूला सूर्य रंग देतो आणि सावलीतल्या वस्तूला आभाळ. उघड्या आभाळाखालच्या पांढऱ्या भिंतीची सावली काळी नसते, करडीही नसते, ती निळसर असते. ज्याला हा निळा दिसत नाही त्याने या मालिकेला हात लावू नये. हे ती बोलली तेव्हा बोट धाकटीच्या दिशेने नव्हतं, पण सूर होता.

त्याच सुमारास तिच्या कुरबुरी वाढल्या. खोलीत उजेड कमी आहे म्हणून दोन दिवे वाढवून घेतले. मग ते डोळ्यावर येतात म्हणून काढायला लावले. स्क्रीन पिवळट झाली आहे म्हणाली, फडक्याने सारखी पुसायची. मॅनेजरने नवी दिली तर आठवडाभरात म्हणाली, हीपण तसलीच. जिना उतरताना कठडा धरायला लागली. आम्ही म्हटलं, चिडचिड आहे, वय आहे, घरचं आहे. तिच्याकडे निरखून बघायची कोणाची छाती नव्हती. बघितलं असतं तर ऐकून घ्यावं लागलं असतं.

मालिकेचे पहिले भाग झाले. पैसे लावणाऱ्यांनी पाहिले आणि त्यांना ते फार आवडले. विशेषतः विहिरीचा प्रसंग. पांढऱ्या दगडांची विहीर, तिरपं ऊन आणि वाकून आत बघणारी मुलगी. करडी त्या दिवशी कोणावर ओरडली नाही. आम्ही घाबरलोच होतो.

पुढच्या भागात तीच विहीर पुन्हा हवी होती. करडीने पक्कं झालेलं चित्र उघडलं आणि सावलीचा रंग उचलला. कॉम्प्युटरवर प्रत्येक रंगाला आकडे असतात, लाल किती, हिरवा किती, निळा किती. तिला आपले आकडे तोंडपाठ असायचे. समोर आलेले आकडे तिचे नव्हते. निळा बराच खाली होता. तिने शेजारचं चित्र उघडलं, मग त्याच्या शेजारचं. सगळ्यांत तेच. तिच्या हातून गेलेल्या प्रत्येक चित्रातला निळा कोणीतरी काढून घेतला होता, आणि प्रत्येक फाईलवर शेवटचा हात फिरवणाऱ्याचं नाव एकच होतं. धाकटीचं.

करडीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती माझ्याकडे वळली नाही, निरोप दिला नाही, सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली आणि त्याला हाताला धरून आमच्या खोलीत घेऊन आली. सगळ्यांदेखत म्हणाली, ही माझ्या चित्रांची वाट लावते आहे, चोरून, कितीतरी महिने. घरातलं घेऊन पोट भरलं नाही, आता इथलंही हवं आहे. एक तर हिला काढा, नाहीतर मला.

मॅनेजर भिडस्त माणूस, दोघींनाही टरकायचा. त्याने धाकटीकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं की ती नाकारेल. ती उठून उभी राहिली.

"हो, मीच बदलते. सावलीत निळा असतो, शाई नसते. या चित्रांत यांनी दौत उपडी केली होती. मी ती शाई पुसली नसती तर पहिल्याच भागाला लोकांनी ही चित्रं कंपनीच्या तोंडावर फेकून मारली असती." मग ती करडीकडे वळली. "मॅडम, तुमचे डोळे गेलेत. तुम्हाला निळा दिसत नाही."

 करडी म्हणाली, तुझी जीभ झडो. मग म्हणाली, घे परीक्षा. काय घ्यायची ती घे, इथेच, सगळ्यांसमोर.

मला वाटलं, धाकटी आता माघार घेईल. ती खाली बसली आणि तिने करडीच्याच स्क्रीनवर एक लांब पट्टा काढला. अर्धा काळाठिक्कर, अर्धा गडद निळा. आम्हाला सगळ्यांना मधली रेघ लांबून दिसत होती. ती म्हणाली, काळा कुठे संपतो तिथे बोट ठेवा. करडी पुढे वाकली, मागे झाली, पुन्हा पुढे वाकली. म्हणाली, "हा सगळा काळाच आहे. फसवू नकोस." कोणीच काही बोललं नाही. त्या शांततेवरूनच तिला कळलं.

धाकटीने दुसरा पट्टा काढला, पांढरा आणि फिकट पिवळा. त्यातही तिला रेघ सापडली नाही. मॅनेजर म्हणाला, पुरे झालं. धाकटी म्हणाली, अजून एक आहे, आणि तिसरा काढला. तिसऱ्याची काही गरज नव्हती. करडी तोही संपेपर्यंत बसली. कपाळावरची आठी हलली नाही, चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. मग तिने पेन नीट जागेवर ठेवलं, पर्स घेतली आणि गेली. धाकटी परत आपल्या कामाला लागली.  रेघ सरळ येईना म्हणून ती पुन्हा पुन्हा खोडत होती.

पुढचं मला करडीच्या नवऱ्याकडून कळलं. ती घरी गेली आणि डॉक्टरचं नाव काढू देईना. म्हणाली, सगळे मिळून मला वेडी ठरवताहेत, त्यात तुझ्या भावाची बायको पहिली. नवऱ्याने समजावलं, रागावला, रुसला. काही उपयोग झाला नाही. मग एका सकाळी तिने त्याच्या सगळ्या विजारी कपाटातून काढल्या आणि खिडकीतल्या उन्हात शेजारी शेजारी मांडल्या. त्याला म्हणाली, यातल्या काळ्या कोणत्या आणि निळ्या कोणत्या ते सांग, आणि माझी समजूत काढायची म्हणून सांगू नकोस. त्याने एकेकीला हात लावून सांगितलं. तिने घड्या घालून सगळं परत ठेवलं आणि म्हणाली, डॉक्टरची वेळ घे.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाला, तो काही एका रात्रीत आलेला नाही, कितीतरी वर्षं हळूहळू वाढतो आहे. डोळ्यातलं भिंग पातळ चहाच्या रंगाचं होत जातं. सगळं जगच त्या चहातून दिसतं, त्यामुळे फरक कळत नाही. निळा तेवढा आतच अडकतो. करडी त्याच्यावरही उखडली. हे इतक्या शांतपणे काय सांगता, म्हणाली, माझी वर्षभराची चित्रं गेली त्या चहात.

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं, ही चादर निळी आहे का. नवरा म्हणाला, पांढरी. तिने नवा डोळा झाकून जुन्याने पाहिलं, मग जुना झाकून नव्याने. एका डोळ्याने चादर जुनाट, पिवळी पडलेली; दुसऱ्याने अशी लख्ख, की निळसर झाक मारत होती. नवरा सांगत होता, ती दिवसभर तेच करत बसली. भिंत, कप, स्वतःचा हात. त्याने विचारलं, बरं वाटतंय ना. ती म्हणाली, नाही.

दुसऱ्या डोळ्याला अवकाश होता. त्याच्या आधीच ती एक दिवस ऑफिसात आली. तिची जागा रिकामीच होती, तिथे बसण्याची कोणाची हिंमत झाली नव्हती. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. तिने कॉम्प्युटर सुरू केला आणि आपली मूळची चित्रं काढली, धाकटीचा हात लागण्याआधीची. एकेक चित्र उघडायची, तळहाताने एक डोळा झाकायची, मग दुसरा. मी शेजारी होते, त्यामुळे न बघण्याचा आव आणला तरी दिसत होतं. जुन्या डोळ्याने बघताना ती सरळ बसलेली असायची. नवा उघडला की जरा मागे सरकायची, कोणी अंगावर धावून आल्यासारखी. पांढऱ्या भिंतींवर निळंशार पाणी चढलेलं, गाढवाच्या पायाखाली निळं डबकं, मुलीच्या दारात निळं भगदाड. तिने एकही चित्र वगळलं नाही. मग धाकटीने दुरुस्त केलेली चित्रं उघडली आणि तीही तशीच सगळी बघितली. दुपार झाली तरी ती जेवायला उठली नाही.

शेवटी ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "बाईसाहेबांना सांग..." आणि थांबली. मग माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तिने मला चक्क बाजूला सरकवलं.

"विहिरीतला निळा काढलास तो बरोबर काढलास. पण त्याच्याबरोबर आतल्या भिंतीवरचा उजेडही पुसलास. पाण्यावरून उडून वर आलेला."

धाकटीने मान वर केली. "तो तुमच्या चित्रात दिसतच नव्हता. तुमच्या शाईखाली बुडाला होता."

"दिसत नव्हता तर विचारायचं."

"कोणाला? मधलीला?"

कोणीतरी मागे फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. करडीने तिकडे बघितलंही नाही.

"मला तोंडावर सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

"नसतं. तरी सांगायला हवं होतंस."

धाकटीने पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "आधी वाटलं, नजरचूक असेल, म्हणून बदललं. मग वाटलं, तुमचं तुम्हाला कळू दे. आणि खरं सांगू का, मग मला ते आवडायला लागलं. रोज तुमचं चित्र उघडायचं, त्यातली चूक शोधायची आणि दुरुस्त करून पुढे पाठवायची. तुम्हाला पत्ता नाही. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्या मागे येऊन उभ्या राहिलात, तशी मी तुमच्या मागे उभी होते."

करडी तिच्याकडे नव्या डोळ्याने बघत होती. दुसरा तिने किंचित मिटला होता, त्यामुळे चेहरा वाकडा दिसत होता. "हे मात्र खरं बोललीस," ती म्हणाली. "बाकी कंपनीसाठी केलं, ते सगळं थोतांड."

"थोतांड नाही. तेही होतं."

"असेल."

इतकंच. दोघी आपापल्या स्क्रीनकडे वळल्या. कोणी कोणाची माफी मागितली नाही. मला तेव्हा वाटलं की बर्फ फुटला, आता हळूहळू सुरळीत होईल. माझा अंदाज साफ चुकला.

दुसऱ्या दिवशी करडी मॅनेजरकडे गेली आणि म्हणाली, त्या भागांवरून माझं नाव काढा. भागाच्या शेवटी काम करणाऱ्यांची नावं सरकत जातात, त्यात मागच्या चित्रांसाठी पहिलं नाव तिचं असायचं. मॅनेजर म्हणाला, कशाला, चित्रं सुंदर आहेत, लोकांना आवडली आहेत. ती म्हणाली, लोकांना जे आवडलं ते माझं नाही, आणि जे माझं आहे ते कोणी बघू नये. दुसऱ्याने पुसलेल्या चित्राखाली मी सही करणार नाही. तो म्हणाला, मग धाकटीचं एकटीचं घालतो. हे धाकटीच्या कानावर गेलं तेव्हा ती तशीच उठून आत गेली. म्हणाली, माझंही नको. चित्रांची रचना, रेघा, उजेडाची मांडणी सगळी त्यांची आहे, मी वरून निळा खरवडला. उद्या त्यांनी साऱ्या नात्यात सांगावं की हिने नावही लाटलं, ते मला ऐकायचं नाही.

मॅनेजरने दोघींना समोरासमोर बसवून समजावलं. दोघींनी त्याचं ऐकून घेतलं, आणि या एका गोष्टीवर दोघींचं एकमत झालं की नाव घालायचं नाही. कोणी म्हटलं असतं की यात एकमेकींचा मान आहे, तर दोघींनीही त्याला झोडपून काढलं असतं. ते भाग तसेच गेले. मागच्या चित्रांच्या रकान्यात आम्हा बाकीच्यांची नावं, आणि ज्या दोघींनी ती उभी केली त्यांची नाहीत. मालिका गाजली. एका समारंभात मागच्या चित्रांना बक्षीस मिळालं तेव्हा मंचावर कोण जाणार यावरून गोंधळ झाला, आणि शेवटी मॅनेजरच गेला. तिथे त्याला कोणीतरी विचारलं की हा उजेड कसा साधला, आणि तो म्हणाला, खूप मेहनतीने.

करडीचा दुसरा डोळाही झाला. महिन्याभराने तिने राजीनामा दिला. मॅनेजरने तिला थांबवलं, पण फार नाही. ऑफिसातल्या आमच्या खोलीची प्रमुख धाकटी झाली. पहिल्याच आठवड्यात तिने सगळ्यांची टेबलं फिरवली, करडीचं टेबल जिन्याखाली पाठवलं आणि कामात कोणाची चूक निघाली तर केबिनमध्ये बोलावून, दार लावून सांगायला लागली. लोक म्हणाले, बरं झालं. नंतर म्हणाले, दार लावून ही जे बोलते त्यापेक्षा करडी परवडली, निदान चारचौघांत बोलायची.

करडी आता घरूनच लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं करते. मध्यंतरी माझ्या एका कामात मला तिचा सल्ला हवा होता म्हणून मी गेले. तिने मला आत घेतलं, बसायला सांगितलं नाही. माझ्या लॅपटॉपवरचं चित्र बघून ते किती वाईट आहे हे तिने सविस्तर सांगितलं. दिवाणखान्यातल्या दिव्याखाली मी बाईच्या चेहऱ्याला पिवळा दिला होता आणि हाताला नेहमीचाच रंग ठेवला होता. "हात काय शेजाऱ्यांच्या घरात आहे का?" असं विचारलं. तिचं खरंच होतं. मी तिथेच उभ्या उभ्या ते नीट केलं. ती आता कमी ओरडते असं मला वाटलं होतं, तसं काही नव्हतं. तिचे दोन्ही डोळे मात्र सारखे झालेले नाहीत. एकातून सगळं जरा जास्त थंड, निळसर दिसतं. त्यामुळे ती आता कोणताही रंग आकडे बघितल्याशिवाय पक्का करत नाही, आणि याचाही तिला राग आहे.

मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. नेमकी त्याच वेळी धाकटी बाहेरून जिना चढून आली, खांद्याला पिशवी, हातात किल्ल्या. मी मधल्या पायरीवर अडकले. मला वाटलं, आता दोघी माझ्याकडे बघणार. पण करडी माझ्या डोक्यावरून थेट तिला म्हणाली, "तुझ्या नव्या मालिकेतलं जंगल बघितलं. सगळं हिरवंच आहे."

"जंगल आहे ते," धाकटी म्हणाली.

"म्हणूनच सांगतेय. पानांच्या सावलीत हिरवा किती उरतो ते एकदा जाऊन बघ. तुझे डोळे अजून चांगले आहेत."

धाकटी शेजारच्या आपल्या दाराला किल्ली लावत होती. वळली नाही. "बघितलंय," म्हणाली. "तुमच्या पुस्तकातलं घोडं मीही बघितलंय. त्याच्या पोटाखाली गवताचा रंग कुठे गेला?" आणि आत जाऊन तिने दार लावलं, जरा जोरातच.

 करडीने मला जायची खूण केली, आणि मी खालचा कोपरा वळण्याआधीच तिचंही दार बंद झालं.